आबांची काठी

सावदा

प्रिय मगन,

नोकरी सोडून धुळ्याला कॅसेटचं दुकान टाकतो हे तू नथ्थूमामाला सांगतो अन् आईला सांगत नाही. मामा काल केळीच्या ट्रकमधून उतरला अन् ओट्यावरच बोलून बसला. तुझे आबा तिथंच होते. त्यांनी भाकर अर्धी ठेवली.

रेल्वेच्या यार्डात ऊन लागतं म्हणे तुला. आबांनी मग काय केलं इतकी वर्षं? डिझेल इंजिनानं अख्खी मालगाडी मागून ढकलत हंपाच्या, त्या यार्डातल्या टेकाडाच्या, चढावर न्यायची, वर डब्यांमधली कडी सुटली की एकेक डबा आपोआप उतारावरून आपल्या लायनीत जायचा. ढकलणं इतकं हळू की बाजूनं चालणारा पुढं निघून जाई. सगळी नजर हंपाच्या दिव्यावर. कडी सोडणारा सुकदेव म्हणायचा, वहिनी, गिरधरभाऊ ढकलतात तेव्हा डब्यातलं अंडं फुटायचं नाही.

आता ते काठी घेऊन बसतात. गल्लीतलं कोणी हात धरून देवळात नेतं, हे मुकाट जातात. परवा आम्ही रेल्वेच्या फाटकाशी उभे होतो. सिग्नल कुठच्या कुठं लांब. आबा सहज बोलून गेले, हिरवा झाला. शेजारची सुगंधाबाई हसली, भाऊ, तुम्हाला दिसतं का काय? त्यांनी लगेच मान खाली घातली अन् काठीनं जमीन चाचपली.

आता नीट वाच. आबांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. तपासणीत डॉक्टरनं दिवे दाखवले तेव्हा त्यांनी हिरव्याला लाल सांगितलं. मी सांगायला लावलं. बाप अनफिट झाला की पोराला नोकरी लागते, अन् तू दहावी नापास होऊन घरात. टोमणे मारमारून मी त्यांना घास गोड लागू दिला नाही, तेव्हा तयार झाले. गावात कोणाला शंका नको म्हणून डोळेच गेले असं मीच बठ्ठ्यांना, अख्ख्या गल्लीला, सांगितलं. काठीही मीच आणली.

तुला अडवायला लिहीत नाही. सोडणार असशील तर तसं लिही, मी काठी चुलीत घालते. राहणार असशील तर तेही लिही, म्हणजे सुगंधाबाईला सांगते, आबा अंदाजानं बोलले. यातलं कोणतं उत्तर मला हवं ते विचारू नको, लाज वाटते. आखाजीच्या सणाआधीच्या बुधवारपर्यंत पत्र पाहिजे. माझ्या नावानं टाक. आबांना वाचता येत नाही, असं पोस्टमनला मीच सांगून ठेवलंय.

तुझीच आई,
धुरपदा