शून्यावरचं हँडल

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि ठेवून देता, म्हणून हे पत्र. इथून, वासाहून, सुटणाऱ्या संध्याकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. उद्या कामावर जाण्याआधी वाचा.

लहानपणी तुम्ही मला तुमच्या सॉ मिलमध्ये, लाकूड कापायच्या गिरणीत, नेलं होतं. विजेच्या पॅनेलच्या दारावरचं हँडल शून्यावर आणलंत, त्यात आपलं लाल कुलूप अडकवलंत आणि किल्ली गळ्यात घातलीत. "साइमे, आता खुद्द राष्ट्राध्यक्ष आला तरी त्याला वीज चालू करता येणार नाही," म्हणालात आणि उघड्या हातांनी मोटरच्या तारा सोडवायला घेतल्यात. तारांत वीज उरलीय का, हे मीटर लावून बघितलं नाहीत. शून्य म्हणजे शून्य. मी इंजिनिअर झाले ती त्या कुलपावरच्या तुमच्या विश्वासामुळे, असं मला अजून वाटतं.

उन्हाळ्यात आमच्या कारखान्यात कुठल्याशा सॉ मिलचं पॅनेल आलं. मधल्या व्यापाऱ्याची ऑर्डर, त्यामुळे गिरणीचं नाव नव्हतं. हँडल फिरवलं की वीज तोडणारा आतला आयसोलेटर मी निवडायचा होता. मी मोठा निवडला, कारण करवत गोठलेल्या ओंडक्यात अडकली की मोटर किती करंट ओढते हे तुमच्याकडूनच ऐकलंय. आमचे साहेब लिंडरूस हसले. "अगं, करवत आहे, रॉकेट नाही! हा छोटा घे, पॅनेलचं दार तरी लागेल."

तो छोटा हीटरसाठी ठीक आहे. मी त्याला फिरू न शकणारी, जखडलेली मोटर आणि तीन तारांवर तीन दिवे जोडले आणि पुन्हा पुन्हा बंद करून पाहिलं. शेवटी हँडल जरा जोर लावून शून्यावर आलं. कुलूपही बसलं. तीन दिव्यांपैकी एक मात्र जळतच राहिला. आतला एक कॉन्टॅक्ट वितळून चिकटला होता, म्हणजे हँडल शून्यावर असूनही त्या तारेत वीज होती.

मी सही करायला नकार दिला. "घरातली पहिली पदवी डोक्यात गेली वाटतं," म्हणत लिंडरूसनी स्वतः सही केली आणि तोच छोटा बसवून पॅनेल रवाना झालं. वर तक्रार केली, तर "बघू" म्हणाले.

काल आई सांगत होती, यंदा थंडी लवकर आली, ओंडके दगड झालेत, करवत सारखी अडकते आणि तुम्ही दर वेळी धावत जाऊन हँडल फिरवता. हल्ली ते जड लागतं म्हणे. नवीन आहे, रुळेल, असं तुम्ही म्हणता. मग ती कौतुकानं म्हणाली, पॅनेलवर आमच्या कारखान्याची पाटी आहे, तुम्ही ती रोज पुसता, येईल त्याला दाखवता: "हे माझ्या पोरीनं निवडलंय. याला काय तपासायचं?"

बाबा, त्या हँडलला हात लावू नका. बाहेरून सगळ्या गिरणीची वीज तोडायला लावा आणि तरीही तिन्ही तारांना मीटर लावा. ते मी निवडलेलं नाही.

तुमचीच,
साइमी