निळ्या गाडीची काच पांढरी कुणी केली

आणि कपाटाला कुलूप मी लावलं होतं, दादा, तू नाही. हे मी फोनवर तीनदा सांगितलं आणि तीनही वेळा तू "आवाज तुटतोय" म्हणालास. माझ्याकडे आवाज स्वच्छ येत होता. मागे वहिनी भांडी आपटत होत्या तेसुद्धा ऐकू येत होतं. म्हणून आता लिहूनच देतो. कागदाचा आवाज तुटत नाही.

मी, अप्पांचा धाकटा मुलगा, वय वर्षे चोवीस, शिक्षण सातवी (नापास), धंदा रंगारी, मुक्काम गोदीतल्या कामगारांच्या खोल्या, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं जागेवर आहे. ताप नाही. प्यायलेलो नाही. कुणी मानेवर बसून लिहून घेत नाही. मुकादम शेजारी बसलाय खरा, पण तो पायाची नखं कापतोय आणि त्याला माझ्या गाड्यांमध्ये काडीचा रस नाही.

या वयात मृत्युपत्र कशाला, असं वहिनी म्हणतील. तर आमच्या टोळीतला एक जण गेल्या महिन्यात जहाजाच्या टाकीत रंग मारत असताना वासाने चक्कर येऊन पडला आणि गेला. त्याची पत्र्याची पेटी सोळा दिवस खाटेखाली पडून होती. मग दोन भाऊ आले आणि पेटीवरून आमच्यासमोर एकमेकांची कॉलर धरली. आत निघालं काय, तर दोन शर्ट आणि एक रेडिओ. तेव्हा मुकादम म्हणाला, "लेको, प्रत्येकाने लिहून ठेवा. हा तमाशा मला परत बघायचा नाही." त्याने ऑफिसातून कागद मोजून आणले, माणशी चार. कागद फाडायचा नाही. खोडलं तर शेजारी सही करायची. त्यामुळे खाली एकदा जे लिहिलं जाईल ते राहील, चुकलं असलं तरी.

उद्यापासून त्याच टाकीत त्याच्या जागी मी उतरतोय. घाबरवायला लिहीत नाही. तोंडाला लावायची नवीन नळकांडी दिली आहेत.

कलम एक, घर. घर अप्पांच्या नावावर आहे, त्यात मी नाक खुपसत नाही. पुढे माझा जो काही हिस्सा निघेल तो दादाचा. अट एकच. मागच्या खोलीतलं काचेचं कपाट आहे तिथून हलणार नाही. वहिनी, तुम्हाला त्या जागी फ्रिज हवाय हे मला माहीत आहे. दादा टेप घेऊन कपाटाची रुंदी मोजत होता ते मी फोनमध्ये पाहिलंय. फ्रिज दाराच्या मागे बसतो. दार उलट्या बाजूला उघडेल असं करून घ्या, सुतार अर्ध्या दिवसात करून देईल.

कलम दोन, पैसे. बँकेत आहेत ते दादाचे आणि वहिनींचे, पण वहिनींच्या सहीशिवाय निघू नयेत. कारण दादा लगेच मोबाईल घेईल. कंपनीने भरपाई दिलीच तर ती अप्पांना. ते घेणार नाहीत, "मी मागितली होती का" म्हणतील. तरी द्यावी.

सायकल मी मागेच विकली आहे. ती शोधत बसू नये.

कलम तीन, गाड्या. खरं भांडण इथं आहे.

कपाटात माझ्या अकरा गाड्या आहेत. वाचणारा परका असेल तर त्याच्यासाठी सांगतो, या चावी देऊन पळणाऱ्या गाड्या नव्हेत. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले सुटे भाग येतात, काही तर नखाएवढे. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, मग खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी गाडी उभी राहते. नवं खोकं मी जन्मात दोनदाच घेतलं. बाकीच्या नऊ, लोकांनी मोडून घड्याळवाल्या काकांच्या दुकानात टाकून दिलेल्या. त्या मी परत उभ्या केल्या. जुना रंग उतरवायला गाडी ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवायची, दुसऱ्या दिवशी कात टाकल्यासारखा रंग निघतो. होय अप्पा, डिकीतलं ब्रेक ऑइल मीच घेत होतो. विकलं नाही. तुम्ही मेकॅनिकवर आळ घेतलात आणि मी गप्प बसलो. तो माणूस भेटला तर त्याची माफी मागावी.

अकरामधली निळी सगळ्यात पहिली. अप्पांनी बावीस वर्षं मालकाची जी गाडी चालवली, तीच. शाळेच्या फीमधून खोकं आणलं म्हणून अप्पांनी ते खिडकीतून भिरकावलं होतं. मी गटारातून भाग वेचले. तीन चाकं मिळाली. चौथं मी खोडरबर कापून केलं आणि त्यावर शर्टाचं बटण बसवलं. म्हणून ती गाडी मी हजारात ओळखेन.

पूर्ण झाली तेव्हा अप्पांना दाखवायला नेली. ते दारातच उभे होते, हातात घेतली नाही. एकदा बघितलं आणि म्हणाले, "ही ती गाडी नव्हे." एवढंच. आठ दिवस मी पॉलिश पेपर पाण्यात बुडवून तिचा एकेक पत्रा आरशासारखा केला होता. बारा वर्षं झाली त्याला. पुढे मी ड्रायव्हर व्हायला नाही म्हणालो, घर सोडलं, आणि तीन वर्षांत अप्पा फोनवर आले नाहीत. सकाळी अकराला फोन करा, "अप्पा झोपलेत." संध्याकाळी पाचला करा, "अप्पा झोपलेत." निवृत्त माणूस इतका झोपतो का?

आता पुरावे.

दोन महिन्यांपूर्वी वहिनींनी फोन फिरवून घर दाखवलं. तिसऱ्या फळीवर निळीची जागा रिकामी. मी विचारलं, "वहिनी, निळी कुठंय?"

"असेल की हो."

"कुठं असेल? चाकं आहेत म्हणून चालत गेली का?"

"धूळ पुसायला काढली असेल कुणीतरी."

"कुलूप आहे कपाटाला."

"भाऊजी, थांबा हं, दूध उतू चाललंय," म्हणाल्या आणि फोन बंद. दूध तुम्ही सकाळी तापवता, वहिनी. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

पुढच्या वेळी बघतो तर गाडी जागेवर. पण पुढची काच पांढरी, म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यात मोतीबिंदू पडावा तशी. मी लगेच फोनच्या पडद्याचा फोटो काढून ठेवला. ज्याला या कामातलं कळतं त्याला एका नजरेत समजेल की काच निखळली होती आणि कुणीतरी ती एका थेंबात चिकटणाऱ्या गोंदाने बसवली. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लास्टिकला पांढरं करते. नवशिक्यांची ही ठरलेली चूक. मीसुद्धा एकदा केली होती. आणि मागच्या डाव्या दाराखाली एक लांब ओरखडा. माझ्या आरशासारख्या पत्र्यावर!

कुलपाची किल्ली घड्याळवाल्या काकांकडे ठेवली होती. त्यांना फोन केला. "काका, किल्ली कुणाला दिलीत?"

"बाहेरच्या कुणाला नाही दिली बाबा."

"म्हणजे आतल्या कुणाला दिली?"

"गिऱ्हाईक आलंय," म्हणाले. काका, तुमच्याकडे आठवड्यात दोन गिऱ्हाइकं येतात.

यावरून सरळ दिसतं की दादाने फ्रिजसाठी कपाट हलवून बघितलं, निळी पडली, काच निघाली, ओरखडा गेला, आणि मग गुपचूप चिकटवून परत ठेवली. वहिनी आणि काका त्याला सामील. एक गेली की हळूहळू सगळ्या जातील आणि मग "अरे, मोडक्याच तर होत्या" म्हणून कपाट बाहेर. म्हणून अकराही गाड्या, हत्यारांसकट, माझा खोलीतला सोबती वेल्डर याला द्याव्यात. दादाने हात लावू नये.

(वरची पाचही वाक्यं खोडली आहेत. शेजारी सही केली आहे. का ते पुढे.)

वेल्डर साक्षीदार म्हणून सही करायला बसला. तो वाचल्याशिवाय सही करत नाही, एकदा फसलाय. स्वतःचं नाव आलं तिथं थांबला.

"मला कशाला गाड्या? माझी पोरं दोन दिवसांत चाकं गिळतील. भावाला दे की."

"भावानेच मोडली."

"दाखव फोटो."

त्याने फोटो बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत बसला. दिवसभर पत्र्याचे सांधे बघणारा माणूस आहे.

"हा पडून झालेला ओरखडा नव्हे," म्हणाला. "पडली असती तर टवका उडाला असता. हा पुढून मागे ओढलाय, मुद्दाम, हळू. आणि ओरखड्याच्या आत बघ."

"काय?"

"गंज."

"प्लास्टिकला कसला गंज, वेड्या?"

"तेच म्हणतोय. कुणीतरी आत तपकिरी रंग भरलाय. वस्तू मोडणारा माणूस तिच्यात गंज रंगवत बसतो का रे?"

मी फोटो घेतला. रंग खरोखर भरलेला होता. बारीक ब्रशने. दोन ठिकाणी हात हललाय, रेघ बाहेर गेली आहे.

मुकादम म्हणाला, "आता काय झालं? लिही पुढं, एक पान उरलंय."

आमच्या घरात ओरखड्याची एकच गोष्ट आहे. मी जन्मलो त्या दिवशी अप्पांनी मालकाला न विचारता गाडी काढली आणि आईला दवाखान्यात नेलं. घाईत फाटकाच्या खांबाला मागचा डावा पत्रा घासला. मालकाने तो ओरखडा कधीच दुरुस्त करू दिला नाही, ड्रायव्हरला रोज दिसावा म्हणून. पुढे त्यात गंज धरला. अप्पा रोज गाडी धुवायचे आणि तिथं आले की फडका हळू फिरवायचे. चिडले की मला म्हणायचे, "तू येतानाच ओरखडा घेऊन आलास." ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आणि गाडी बनवताना मात्र तिथला पत्रा आरशासारखा केला. मला गाडी नवी हवी होती.

ही ती गाडी नव्हे. बरोबरच बोलले होते की. नव्हतीच ती.

तर कलम तीन नव्याने. अकराही गाड्या, कपाट, ब्रश, कानस, चिमटे, सगळं अप्पांचं. मी मेल्यावर नव्हे, हा कागद पोचल्या दिवसापासून. अप्पांनंतर दादाच्या मुलीला, जर तिने तोपर्यंत चाकं गिळणं सोडलं असेल तर. मोठा चिमटा काकांचा आहे, तो काम झालं की परत करावा. अप्पांना आता किल्ली चोरून मागायची गरज नाही; काका, ती त्यांच्याच हातात देऊन टाका. मुलाला "बाहेरच्या कुणाला नाही दिली" सांगायचं आणि बापाला किल्ली द्यायची, हे तुम्हाला शोभलं, दुसऱ्याला जमलं नसतं.

दादा, तुझ्यावरचा आरोप खोडला आहे. पण "आवाज तुटतोय" हे खोटंच होतं, ते खोडलेलं नाही. तू त्यांच्यासाठी खोटं बोललास हे समजलं. वहिनींच्या दुधाचंही समजलं. तरी फ्रिज दाराच्या मागेच.

माझा संशय पूर्ण गेला असं कुणी समजू नये. काच कशी निखळली हे अजून मला कुणी सांगितलेलं नाही, आणि त्या टेपचं मी विसरलेलो नाही.

अप्पा, कबूल करू नका. मी विचारणार नाही. फक्त काम नीट करा. एका थेंबात चिकटणारा गोंद काचेजवळ नेऊ नका. सुतार लाकडाला लावतात तो पांढरा गोंद घ्या, काडीच्या टोकाने लावा, जास्त झाला तर ओल्या बोटाने पुसा. वाळला की दिसत नाही. पांढरी झालेली काच फेकू नका, आधी दात घासायच्या पेस्टने कापडावर घेऊन चोळा, गोल नाही, सरळ. नाही उजळली तर शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण कापून नवी करा. ब्रश धरताना मनगट टेबलावर टेकवा, मग हात हलत नाही. रेघ बाहेर गेली आहे ती तशीच ठेवा, खऱ्या गंजाला कुठं सरळ रेघ असते. आणि चौथं चाक, बटणाचं, ते बदलू नका. पुढच्या रविवारी सकाळी अकराला फोन करीन. झोपू नका.

हे सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिलं. दोघांनी माझ्यासमोर वाचलं, एकाने पूर्ण आणि एकाने मधूनमधून.

साक्षीदार पहिला: वेल्डर, खोली क्रमांक नऊ, वरची खाट. (सही. खाली त्याने लिहिलं आहे, "गाड्या नको म्हणालो हे नोंदवावे.")

साक्षीदार दुसरा: मुकादम, रंगकाम टोळी. (सही)

लिहून देणार: अप्पांचा धाकटा. (सही. खोडलं तिथं आणखी एक)

स्थळ: खोली क्रमांक नऊ, खालची खाट. दिनांक: चौदा, रविवार, दुपार.

कागदासोबत पाठवत असलेली रक्कम: घरखर्चाचे सहा हजार, नेहमीप्रमाणे दादाच्या नावे. वेगळे, पहिल्यांदाच अप्पांच्या नावे, घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं एक भिंग, पांढरा गोंद आणि बारीक ब्रश यांसाठी: आठशे चाळीस.