सेफिना बोलत नाही

सावाईई,
१४ जून १९९८

ती. लिताराताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसवाल्याच्या हाती देतेय, तो आमच्या बेटावरून फेरीबोटीने उद्या तुमच्या राजधानीत, आपियात पोचेल. सोबतच्या टोपलीत अळकुड्या आणि दोन नीरफणस आहेत. टोपली परत पाठव. मागच्या तीन अजून तुझ्याकडेच लोळताहेत.

आता मुद्द्याचं. तू शिकवून तयार केलेली ती युतिताबाई आमच्या गावात शिशुवर्ग चालवते. माझी सेफिना जानेवारीपासून तिच्याकडे जाते. ताई, त्या वर्गात पोरं काय करतात माहीत आहे? वाळू चाळतात! शिंपले रंगाप्रमाणे वेगळे करतात! त्याला शाळा कशाला हवी, समुद्र आमच्या दारातच आहे. आपण पाळकांच्या शाळेत जायचो तेव्हा चार महिन्यांत सगळी मुळाक्षरं घडाघडा म्हणत होतो. चुकलं की हातावर माडाच्या हिराची एक बसायची आणि अक्षर कायमचं पाठ.

गेल्या आठवड्यात बाईंची चिठ्ठी आली, घरातले रिकामे डबे आणि खोकी पाठवा म्हणून. शिक्षिकेला रिकामा डबा पाठवायचा? घराण्याला अब्रू आहे की नाही! मी दुकानातून मासळीचे सहा डबे आणि बिस्किटांचा मोठा टिन आणून पाठवला. बाकीच्या बायाही काही मागे राहिल्या नाहीत. गावप्रमुखांच्या सुनेने तर खारवलेल्या मांसाचं पिंपच नेऊन ठेवलं. बाई म्हणे कपाळाला हात लावून बसल्या. आणखी काय पाठवायला हवं होतं, देव जाणे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. सहामाही कागद आला, त्यावर एकच ओळ: सेफिना बोलत नाही. डिसेंबरपर्यंत हीच तऱ्हा राहिली तर तिला पहिलीत घालणार नाहीत. वर चढलेल्यांची नावं बक्षीस समारंभात अख्ख्या गावासमोर वाचतात, तुला माहीतच आहे. ज्याचं नाव राहतं, ते पोर पुढे दहा वर्षं ‘ती राहिलेली’ असतं. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, छान आहे की, पोर वळणाची निघाली.

मला रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. काय करू ते लिही, पण वाळू चाळायला सांगू नकोस.

तुझी वैतागलेली,
मातालेना

आपिया,
२१ जून १९९८

चि. सौ. मातालेना हिस,
अनेक आशीर्वाद.

नीरफणस पोचले, संपलेही. टोपल्या धाडते.

अगं, डबे रिकामेच हवे होते! पोरं त्यांचं दुकान मांडतात. कोणी दुकानदार होतो, कोणी गिऱ्हाईक, मग मोजणं येतं, मागणं येतं, हे नाही ते द्या म्हणणं येतं. मांसाचं पिंप घेऊन पाच वर्षांची पोरं काय खेळणार? युतिताने मला लिहिलंय की तिच्या वर्गात आता महिनाभर गाव जेवेल इतका माल आहे आणि खेळायला एक डबा नाही.

वाळूचंही तसंच. शिंपले वेगळे करणारं पोर उद्या अक्षरं वेगळी ओळखतं. आपण अक्षरं घडाघडा म्हणत होतो हे खरं, पण तक्त्यावरचं मधलंच एखादं दाखवलं की पहिल्यापासून गाऊन तिथवर यावं लागायचं. मी आठ वर्षांची होईपर्यंत तेच करत होते, हे कोणाला सांगू नकोस.

तुझं काम सोपं आहे. रोज थोडा वेळ सेफिनाशी बोल. तिला विचार, ऐकून घे, मध्ये दुरुस्त करू नकोस. बास.

बाबांना नमस्कार सांग. माझ्यावर चिडलीस तरी पत्र धाडत जा.

तुझी,
लितारा

सावाईई,
१२ जुलै १९९८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

म्हणे सोपं आहे!

तू सांगितलंस तसं केलं. संध्याकाळची प्रार्थना झाली, सेफिनाला समोर बसवलं आणि विचारलं, आज शाळेत काय केलंस? तिने मांडी घातली, मान खाली घातली आणि तेविसावं स्तोत्र म्हणायला लागली. संपूर्ण म्हटलं, एकही शब्द चुकली नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, तुला शाळेत कोण आवडतं? तिने हात पुढे केला. मला आधी कळेचना, मग लक्षात आलं, ती छडी खायला हात पुढे करत होती.

मग माझ्याच ध्यानात आलं, ताई. आपल्या घरात प्रश्न विचारतो कोण? ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे आणि ज्याच्या हातात खराटा आहे, तो. कोको कोणी सांडला, डुक्कर कोणी सोडलं. मला आठवेना, आईने किंवा बाबांनी आपल्याला कधी दुसरं काही विचारलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी गोड आवाजात विचारलं, तर पोर रडायलाच लागली. माझा गोड आवाज ऐकून तिला वाटलं, काहीतरी फारच मोठं घडलंय. शेजारचे सगळे बघत होते. भिंती नसलेल्या घरात राहून बघ एकदा, तुमच्या आपियात तुम्ही दारं लावून घेता, तुम्हाला काय कळणार.

आता मी काही विचारणार नाही. तुझे आणखी सल्ले असतील तर टोपलीत घालून तुझ्याकडेच ठेव.

प्रेम आहे, पण या क्षणी थोडं कमी आहे.

मातालेना

आपिया,
१९ जुलै १९९८

चि. मातालेनास,
अनेक आशीर्वाद.

तू शाळा तपासणीसाला शोभेल अशी चौकशी मांडलीस आणि वर मलाच बोलतेस! समोर बसवू नकोस गं. चटई विणायला बसतेस तेव्हा तिला शेजारी घे, केवड्याच्या पात्या हातात दे. दोघींची तोंडं चटईकडे असू देत. आधी तू तुझं काहीतरी सांग. आणि विचारायचंच तर जे तुला खरोखर माहीत नाही, तेच विचार.

मी इथे पन्नास आयांना हे शांतपणे समजावते, फक्त तुला सांगताना माझा आवाज चढतो. सांभाळून घे.

लितारा

सावाईई,
६ सप्टेंबर १९९८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्यामुळे माझ्या घरात काय झालं ते ऐक.

चटईचं जमलं, हे मान्य करते. माझी एक ओळ उसवली, मी स्वतःवरच चिडून सांगत होते की पाती कुठे चुकली तेच कळत नाही. तर सेफिना बोट ठेवून म्हणाली, इथे. बरोबर तिथेच! मग मी विचारलं, ते तुमचं दुकान असतं तरी काय? मला खरंच माहीत नव्हतं. आणि पोर जी सुटली! दुकानात कोण उधार मागतं, कोण डबा पळवतं, गावप्रमुखांचा नातू पैसे न देता माल नेतो आणि ती त्याला देत नाही. महिनाभर रोज ती बोलत होती आणि मी विणत होते. माझी चटई इतकी लवकर कधी झाली नव्हती. मीही तिला काय काय सांगितलं.

पण तोंडाला झाकण लावायचं कुठे, ते तू शिकवलं नाहीस. गेल्या रविवारी पाळक आणि दोन वडीलधारे आमच्याकडे जेवायला होते. बाबांनी प्रार्थना केली. ते गावाच्या वतीने भाषणं करणारे, त्यांची प्रार्थना थोडक्यात कशी आटपेल! ती संपली आणि सेफिनाने सगळ्यांसमोर विचारलं, आजोबा, डुकराचं मटण असलं की तुमची प्रार्थना एवढी लांब का होते? पाळकांना ठसका लागला. पाहुणे गेल्यावर बाबा म्हणाले, या घरात बोलायला मी आहे, ते पुरेसं आहे.

तेव्हापासून पोर पुन्हा मिटली. चटईपाशी येते, पात्या हातात देते आणि गप्प. काल युतिताबाई भेटल्या. वर्गात तर तिने आजवर ओठ उघडलाच नाही म्हणाल्या. नोव्हेंबरअखेर घरी येऊन एकदा बघतील आणि ठरवतील. आधी निदान मुकी होती, आता घाबरलेली मुकी आहे. हे तुझं शिक्षण!

मला फार वाईट वाटतंय, ताई. उत्तर लवकर दे.

मातालेना

आपिया,
१३ सप्टेंबर १९९८

तीर्थस्वरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मातालेनाला न सांगता हे पत्र लिहिते आहे. मुलीने वडिलांना असं लिहू नये, ते माहीत असूनही लिहिते.

सेफिना बोलत नाही, असा कागद आपल्या घरात पहिल्यांदा आलेला नाही. १९७८ साली मुख्याध्यापकांनी हेच मातालेनाबद्दल लिहिलं होतं. मुलगी बोलत नाही, तिला काही समजत नसावं. ती अकरा वर्षांची होती. तुम्ही तिला शाळेतून काढलंत आणि ती चटया विणायला बसली.

बाबा, बोलू नकोस हे तिला आपणच शिकवलं होतं. ती आज्ञाधारक होती म्हणून गप्प होती, आणि गप्प होती म्हणून आपण तिला मंद ठरवलं. मी काही तिच्याहून हुशार नव्हते. मी आठ वर्षांची असताना तुम्ही मला आपियाला मावशीकडे धाडलंत, आणि मावशीच्या घरात सगळे एकाच वेळी बोलायचे, एवढाच फरक. मी पंधरा वर्षांची होते तेव्हा मला हे समजायला हवं होतं, माझंही चुकलं.

युतिता नोव्हेंबरअखेर घरी येईल. पुढे मी काय लिहू? सगळं गाव तुमचं ऐकतं.

राग आला तर माझ्यावर काढा, त्या दोघींवर नको.

आपली,
लितारा

सावाईई,
२७ सप्टेंबर १९९८

चि. लितारास,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. वडिलांना अशी पत्रं लिहायला कुठल्या कॉलेजात शिकवतात ते कळवावं.

मुख्याध्यापकांनी लिहिलं, मी सही केली. शाळेचा माणूस लिहितो ते खरं, असं धरून चाललो. पोरीला विचारायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

घरातलं मी बघतो. तू लुडबूड करू नकोस. गुडघा दुखतो, मलम पाठव.

बाबा

सावाईई,
२९ नोव्हेंबर १९९८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या मलमाच्या डबीत तू काय पाठवलंस, त्यांना काय लिहिलंस, मला माहीत नाही. ते सांगत नाहीत आणि तू तर मुलखाची लबाड. दोन महिने ते घरात उगाच घुटमळत होते. चटईपाशी यायचे, उभे राहायचे, खाकरायचे आणि निघून जायचे. मी आणि सेफिना दोघीही आणखीनच गप्प व्हायचो. वैताग नुसता!

परवा युतिताबाई आल्या. मी नवी चटई अंथरली, कोको केला, बाबा भाषणाच्या वेळची मानाची काथ्याची चवरी खांद्यावर टाकून खांबाला टेकून बसले. आता स्वागताचं भाषण व्हायचं. पाहुणा चटईवर बसला आणि घरातून स्वागताचा शब्द निघाला नाही, असं आपल्याकडे कधी झालंय?

बाबा बोललेच नाहीत. बाई वाट बघताहेत, मी वाट बघतेय, पलीकडच्या घरातली माणसं हातातलं काम थांबवून बघताहेत. मला वाटलं, त्यांना काही होतंय की काय. कोकोवर साय धरली. घराची अब्रू माझ्या डोळ्यांदेखत चालली होती आणि बाबा चवरी कुरवाळत सेफिनाकडे बघत होते.

शेवटी तिलाच सहन झालं नाही. माझ्यामागून उठली, पुढे येऊन मांडी घातली आणि सुरुवात केली. बाबांच्याच शब्दांत, बाबांच्याच चालीवर, आकाशाला वंदन, समुद्राला वंदन, दूरच्या वाटेने आलेल्या पाहुण्याला वंदन. बाई तीन घरं पलीकडून आल्या होत्या! मग पाठ असलेलं संपलं. मी डोळे मिटले. तर ती स्वतःच्या शब्दांत पुढे निघाली. ही चटई आईची आहे, हिच्यात एक ओळ तीनदा उसवली होती. कोको गार झालाय पण आजोबा बोलले नाहीत म्हणून, आईचा दोष नाही. वर्गात मी बोलत नाही कारण तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा तुम्हाला उत्तर माहीत असतं, मग मी कशाला सांगू? आणि आई तुम्हाला वाळूबाई म्हणते.

मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. बाई मात्र हसून हसून लाल झाल्या, आणि मग एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, तू म्हणतेस ते बरोबर आहे, मी बदलेन. सेफिना जानेवारीत पहिलीत जातेय. नाव वाचलं जाईल. हे तुला पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, पण तुलाही जरा ताटकळू दे म्हटलं.

बाई गेल्या. मी कप गोळा करत होते. बाबा तिथेच बसून होते. त्यांनी मला विचारलं, मातालेना, तुला शाळेत काय आवडायचं?

माझी मान खाली गेली, ताई. एकतीस वर्षांची बाई मी, आणि माझ्या हातून काय चुकलं ते आठवायला लागले. बाबा थांबून राहिले. रागावले नाहीत, उठले नाहीत, थांबले. मग मी म्हटलं, नकाशे. मला नकाशे आवडायचे. वाळूत काढायचे मी, आपलं बेट, तुमचं बेट, मधली खाडी, तू जिथे गेली होतीस ती जागा. कोणी येताना दिसलं की पायाने पुसायचे.

बाबा म्हणाले, मला माहीत नव्हतं.

तुला तरी कुठे माहीत होतं, ताई?

उलट टपाली उत्तर दे, आणि या वेळी सल्ला नको, नुसतं पत्र पाठव.

तुझी,
मातालेना