अकरावा धडा

१२ जानेवारी
सुकन्याची बोटं गेली! उजव्या हाताची तीन. एमआयडीसीत, पॉवर प्रेसवर. अडकलेला पत्रा काढायला हात घातला आणि पलीकडून कुणीतरी बटण दाबलं. माझ्या मशीनकामाच्या वर्गातली, गेल्या तुकडीतली पोरगी, कळंबची. पहिला नंबर. नोकरीला मीच लावली.
वर्गात आज काय बडबडलो, देव जाणे.

१३ जानेवारी
वर्कशॉपमधला प्रेस आपटला की दचकतो. पोरं हसतात. हसू देत.

१५ जानेवारी
तिच्या कारखान्याचा साहेब आमचं रजिस्टर बघून गेला. १ ऑक्टोबर, धडा अकरावा — मशीनमध्ये हात घालण्याआधी मेन स्विचला आपलं कुलूप, किल्ली आपल्या खिशात. पुढं माझी बरोबरची खूण. खाली माझी सही, तिचीही. "शिकवलंय ना सर? मग चूक तिचीच. भरपाई विसरा." मी हो म्हणून मान हलवली. हलवली मी!

१ ऑक्टोबरला खंडेनवमी होती. मशीनला झेंडूचे हार, त्या कुलपालासुद्धा हळदकुंकू. पुजलेल्या अवजाराला त्या दिवशी हात लावत नाहीत. पेढे वाटले, पोरींना घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी दसरा. धडा राहिला तो राहिलाच. पुढं तपासणी आली तेव्हा रजिस्टरची सगळी पानं वेळापत्रकातल्या तारखा टाकून एका बैठकीत भरली, पोरींच्या सह्या घेतल्या. कामचुकार मेला, आणि म्हणे मास्तर!

१८ जानेवारी
कळंबला गेलो. सुकन्या ओट्यावर बसलेली, हात ओढणीत गुंडाळलेला. उलट मलाच धीर देते! "तुमी नका वाईट वाटून घिऊ, सर. तुमी शिकवल्यालं मीच इसरले. हार आठवतोय, पेढा आठवतोय. कुलूप कसं लावायचं, तेवढंच आठवत न्हाय. डोस्कं फिरलंय माजं." आई म्हणाली, "दिसभर ह्येच घोकती, सर."
चहा प्यालो आणि परत आलो. खरं काय ते सांगितलंच नाही.

२१ जानेवारी
कपाटातून ते कुलूप काढलं. खाचेत हळद अजून आहे. कोरं करकरीत.
तिला न झालेला धडा आठवत बसवलंय मी.

२३ जानेवारी
परत कळंब. सगळं सांगितलं.
सुकन्या म्हणाली, "म्हंजी मी इसरले न्हवते?"
"नाही."
रडली. मग डाव्या हातानं वही पुढं सरकवली. "लिवून द्या, सर."
अकरावा धडा झालाच नव्हता, असं लिहून दिलं. खाली सही केली — आजच्या तारखेची.