पेटीतली पेटी आणि माझं फंक्शन

३ मार्च, सोमवार
टीम लीडची जागा रिकामी झाली. शुक्रवारच्या डेमोनंतर साहेब नाव ठरवणार. नाव माझंच, डेमो आपला नावाला.

काम किरकोळ. सामान हलवणाऱ्या कंपनीला ट्रकमधल्या सगळ्या वस्तूंची एक सरळ यादी हवी. डेटा म्हणजे खोक्यात खोकं, त्यात पेटी, पेटीत चमचे. आमच्या भाषेत ॲरेच्या पोटात ॲरे, यादीत यादी. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, अगं, जावास्क्रिप्टमध्ये तयार सोय आहे की, एका ओळीत होतं. हिला मी मनातल्या मनात शॉर्टकट म्हणते. तयार वापरायला लीड कशाला लागतो? मी स्वतःचं फंक्शन लिहिणार. जास्त वेगवान.

४ मार्च
झालं! नमुन्याच्या खोक्यांवर पापणी लवायच्या आत चाललं. नवऱ्यानं विचारलं, पार्टी कधी? म्हटलं, शुक्रवारी.

५ मार्च
अख्खा ट्रक घातला. लॅपटॉपनं बसकण मारली. जुना झालाय.

संध्याकाळी. शॉर्टकट म्हणते, दर खोक्याला तू आधीची सगळी यादी नव्यानं उतरवून काढतेस. हिला विचारलं होतं कुणी? (खरं आहे.)

६ मार्च
नवी पद्धत. ढीग करायचा, वरचं उचलायचं, खोकं निघालं तर आतलं पुन्हा ढिगावर. भन्नाट वेग! फक्त यादी उलटी येते. शॉर्टकट म्हणाली, मग शेवटी एकदाच उलटव. तिचं ऐकायचं? त्यापेक्षा प्रत्येक वस्तू यादीच्या डोक्यावर घुसवायची. आपोआप सुलट! चाचणीची गरज वाटली नाही. त्या वेळात पर्स घेतली, लीडला शोभेल अशी.

७ मार्च
एक वस्तू वर घुसली की खालच्या सगळ्या एकेक घर सरकतात. पुन्हा एक घुसली, पुन्हा सगळ्या सरकतात. हे डेमोत, सगळ्यांसमोर कळलं. क्लायंटचा चहा संपला. बिस्किटं संपली. साहेबांनी विचारलं, नेट गेलंय का? मी हो म्हटलं. या कामाला नेटची गरजच नव्हती.

शॉर्टकट हळूच म्हणाली, मी बघू? एक ओळ लिहिली. खुर्ची ओढून बसेपर्यंत यादी हजर.

घरी पार्टीचा विषय कुणी काढला नाही. नवऱ्यानं पर्स छान आहे म्हटलं. दोनदा.

१० मार्च, सोमवार
ती लीड झाली. अभिनंदन केलं, आवाज बरा लागला. तिनं पहिलं काम मलाच दिलं: तुझं फंक्शन काढून टाकशील का गं, तूच काढलेलं बरं.

सगळं सिलेक्ट केलं, डिलीट दाबलं. क्षणात गेलं. कुठेही अडकलं नाही.