बिनखिळ्याचं देऊळ

रविवार, २६ ऑक्टोबर

देव्हारा, दोन चौरंग, रेवाचा पाळणा. सगळं गॅरेजमध्ये, कुणाकडे न शिकता, एकही खिळा न मारता केलं.

आज रेवानं जपानी बाग दाखवली. मेपल लालभडक. मधलं जुनं शिंतो देऊळ जपानहून सुटं करून आणून इथे उभारलेलं. त्यातही खिळा नाही. पाचरींवर बोट फिरवून पाहिलं. चोख काम. पण आत दिवा नाही, लोक फोटो काढतात आणि जातात.

तिथेच ती म्हणाली, "बाबा, घर विकल्यावर देव्हारा माझ्या अपार्टमेंटमध्ये नाही मावणार. अपसेट होऊ नकोस ना."

पाचरी काढल्या की देव्हाऱ्याच्याही नुसत्या फळ्या होतात, पलंगाखाली मावतील. सांगितलं नाही. तिनं विचारायला नको? बापानं खिळा का मारला नाही, एवढंही?

शेजारचे जोशी काल देव्हाऱ्याचे सातशे डॉलर देत होते. नको म्हणालो.