लियांगजींच्या घरी जेवायला काहीच नव्हतं

बॉथेल,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. नैनास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझी आई मजेत आहे, ते तुला तिच्याकडून रोज कळतंच. माझा गुडघा कुरकुरतो. मागच्या डेकची एक फळी कुजली होती, ती बदलून घेतली. बदलणारा माणूस नव्या फळीवरून तळवा फिरवून बघत होता, तेव्हा तुझी आठवण झाली. असो.

मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत मी घरच्यांनाही ऑफिसचा मेमो लिहितो. दर रविवारी तुला मंडळाच्या मराठी शाळेत रडवत नेऊन बसवलं, त्याचा उपयोग आज मला होतोय. अक्षर मोठं काढलंय. अडलं तर आईला विचार.

शेजारच्या निळ्या घरात मार्चमध्ये लियांग कुटुंब राहायला आलं. मुलगा वेइ पुलांचा इंजिनिअर. त्याचे वडील सुझौच्या शाळेत चाळीस वर्षं मास्तर होते. त्यांना मी लियांगजी म्हणतो आणि ते मला ‘टीचर टिपणीस’ म्हणतात. मी जन्मात कोणाला काही शिकवलेलं नाही, हे सांगून दमलो. ते हसतात आणि पुन्हा टीचरच म्हणतात.

गेल्या आठवड्यात कुंपणापाशी मला म्हणाले, “शनिवारी आमच्या गारठलेल्या झोपडीत या. जेवायला काही नाही.” चांगलं पाच बेडरूमचं घर आहे त्यांचं. पण जेवायला काही नाही म्हटल्यावर आम्ही सरळ अर्थ घेतला, की चहाला बोलावलंय. निघण्याआधी पोटभर पिठलं-भात खाल्ला. मी तर दोनदा वाढून घेतला.

तिथे टेबलावर अकरा पदार्थ होते. मी मोजले. मधोमध एक अख्खा मासा. आणि लियांगजी हात जोडून म्हणतायत, “काहीच केलेलं नाही, क्षमा करा.”

“अहो, आता?” आई कुजबुजली.

“आता खा,” मी म्हणालो.

खाल्लं. कसं ते विचारू नकोस.

वेइने मग हसत हसत सगळं उलगडून सांगितलं. जुन्या चिनी रीतीत स्वतःचं ते सगळं कमी सांगायचं. आपलं घर ही गारठलेली झोपडी, आपलं मत मूर्खाचं. भिंतीवर लियांगजींनी ब्रशने लिहिलेल्या ओळी होत्या, बघत राहावं अशा, तर त्या म्हणे ‘बेंगरूळ हाताच्या’. समोरच्याचं मात्र आडनावसुद्धा मौल्यवान. आजकालची मुलं असं बोलत नाहीत, पण लियांगजी बोलतात, आणि इतकं मनापासून की ऐकताना आपलीच पाठ ताठ होते. मला फार आवडलं ते. एकाने वाकायचं आणि दुसऱ्याने त्याला लगेच हात देऊन उठवायचं. कोणीच खाली राहत नाही.

मग वेइ चहा घेऊन आला. लियांगजी म्हणाले, “हा माझा कुत्र्याचा पोर. जन्मतः मंद.” मला राहवलं नाही. “असं कसं म्हणता? हिरा आहे तुमचा मुलगा!” म्हातारा असा फुलला! मी चुकून बरोबर बोललो होतो. त्यांनी वाकायचं, आणि उचलायचं काम माझं होतं.

पुढे त्यांनी विचारलं, “आणि तुमची सन्माननीय लाडकी लेक?”

तुझ्याबद्दल विचारत होते, नैना. आणि माझ्या तोंडून सवयीने तेच वाक्य गेलं. “काही खास नाही. सुतारकाम करते.”

आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

लियांगजी मात्र उठून उभे राहिले आणि माझ्यासमोर वाकले. वेइ म्हणाला, “अंकल, डॅड म्हणतायत, जो बाप इतकं कमी सांगतो, त्याला मुलीचा केवढा अभिमान असेल.”

मला कळेना कुठे बघावं.

आम्हाला दारापर्यंत सोडायला वेइ आला. मी त्याला विचारलं, “कुत्र्याचा पोर म्हणतात, तुला राग नाही येत?” तो म्हणाला, “ते फक्त गेस्टसमोर, अंकल. आता दार लावलं की म्हणतील, आज चहा छान झाला होता. लहानपणापासून मी त्या दार लावण्याचीच वाट बघतो.”

तेव्हापासून मला चैन नाही.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत तू सांता क्लाराहून तुझं पहिलं व्हायोलिन घेऊन आलीस. फार्मसी सोडून तीन वर्षं खपून केलेलं. घरभर मंडळाची माणसं होती आणि मी म्हणालो, “शिकून काही जमलं नाही, आता सुतारकाम करते.” सगळे हसले. मग पाहुणे गेले, मी दार लावलं. तू किचनमध्ये व्हायोलिनची केस दोन्ही हातांत धरून उभी होतीस. मी विचारलं, “गॅस बंद केलास का?”

सकाळी तू निघून गेलीस.

आईला मी सांगत आलो, की आपल्या पोरांचं कौतुक आपण चारचौघांत करायचं नसतं, पोरीला विनयसुद्धा कळत नाही. खोटं होतं ते. लियांगजी वाकतात ते भरल्या घरातून. मला त्या दिवशी तुझी लाज वाटत होती. बाकीच्यांची मुलं कुठल्या कुठल्या कंपन्यांत होती आणि माझी लाकूड तासत होती.

अजून एक सांगायचं आहे, ते कोणालाच माहीत नाही. त्या दुपारी पाहुणे यायच्या आधी मी केस उघडली होती. व्हायोलिनला बोट लावायचा धीर झाला नाही, खिडकीपाशी नेऊन केस तिरकी केली, तेव्हा व्हायोलिनच्या वळणदार फटीतून आत चिकटवलेली, करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी दिसली. तुझ्या हातची देवनागरी, शाळेतल्यासारखी गोल. ‘नैना शैलेंद्र टिपणीस’. मधोमध मी होतो. ते वाचून, केस बंद करून, मी बाहेर आलो आणि तसं बोललो.

माफ कर मला, बाळा.

दिवाळीनंतरच्या शनिवारी, २५ तारखेला, लियांग मंडळी आपल्याकडे जेवायला येणार आहेत. व्हायोलिन घेऊन येशील? ते तुझ्याबद्दल विचारतील आणि मी तोंडभर कौतुक करणार आहे. त्यांच्या रीतीत हे बसणार नाही, बिचारे गोंधळतील. गोंधळू देत. आली नाहीस तरी मी तसंच बोलणार आहे.

आत्ता दार लावलेलं आहे. घरात पाहुणा कोणी नाही. आई शेजारी बसून मटार सोलतेय.

नैना, व्हायोलिन फार सुंदर होतं.

एका थोर कारागिरिणीचा,
जन्मतः मंद,
बाबा